संशयास्पद वस्तूसाठी हातातलं बॅकस्कॅटर एक्स-रे यंत्र: 70 केव्ही की 120 केव्ही, की मुळात नकोच?

तारापूरकर

आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा परस्पर मदत गट आहे. फोम, श्वसनसंच, गॅस डिटेक्टर वगैरे सामायिक ठेवतो. यंदाच्या खरेदीच्या यादीत 'हातात धरायचं बॅकस्कॅटर एक्स-रे यंत्र' आलंय आणि त्याचा तांत्रिक तपशील लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विक्रेत्यांच्या सादरीकरणात गाडीच्या दारामागची पुडकी पांढरीशुभ्र दिसतात आणि सगळे माना डोलावतात. कुठून मोजलं, किती वेळ लावला, हे कुणी सांगत नाही.

आमच्याकडे प्रसंग तीन प्रकारचे येऊ शकतात:

1. गेटवर किंवा बसथांब्यावर बेवारस बॅग.
2. केबल पॅनेलच्या मागे, जिप्समच्या पार्टिशनमध्ये किंवा फॉल्स सीलिंगवर काही ठेवल्याचा संशय, म्हणजे पलीकडे जायला वाट नाही.
3. बाहेरून टाकून दिलेला, लेबल नसलेला 200 लिटरचा ड्रम.

या तिन्हींत बॅकस्कॅटर कितपत कामाचं? 70 केव्हीची (केव्ही म्हणजे एक्स-रे ट्यूबला दिलेले हजार व्होल्ट) यंत्रं बरीच स्वस्त मिळताहेत, 120 ते 140 केव्हीची महाग. फरक नुसता कागदावरचा आहे का? परवानगी, किरणांचा डोस मोजणारे बिल्ले यांचं काय? आणि पडद्यावर काही दिसलं नाही तर 'सुरक्षित आहे' असं म्हणून मोकळं होता येतं का? हा शेवटचा प्रश्न व्यवस्थापन हमखास विचारणार.

कॉम्प्टनभाऊ

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. कारण खालच्या आकड्यांत आहे.

नेहमीच्या बॅग स्कॅनरमध्ये किरण आरपार जातात आणि पलीकडचा डिटेक्टर सावली टिपतो. बॅकस्कॅटरमध्ये ट्यूब आणि डिटेक्टर एकाच बाजूला असतात. ट्यूबसमोर भोकं किंवा फटी पाडलेली जड धातूची चकती फिरते, त्यामुळे एका क्षणी एकच बारीक किरण बाहेर पडतो आणि उभ्या रेषेत वरून खाली सरकतो. आडवं सरकवणं तुमच्या हाताचं काम. वस्तूवर आपटून मागे फिरलेले किरण शेजारचे मोठे डिटेक्टर गोळा करतात. ते कुठून आले हे डिटेक्टरला कळत नाही आणि कळायची गरजही नसते, कारण त्या क्षणी किरण नेमका कुठे होता हे चकतीच्या स्थितीवरून ठाऊक असतं.

परत येणारे किरण बहुतांश कॉम्प्टन प्रकीर्णनाचे, म्हणजे फोटॉन (किरणाचा कण) इलेक्ट्रॉनवर आपटून दिशा बदलतो आणि थोडी ऊर्जा गमावतो. सरळ मागे फिरताना 120 केईव्हीचा (केईव्ही हे एका फोटॉनच्या ऊर्जेचं माप) फोटॉन साधारण 82 केईव्हीचा होतो, 60 चा 49 चा. हलक्या मूलद्रव्यांत (हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन) शोषण कमी आणि विखुरणं जास्त, म्हणून प्लॅस्टिक, साखर, साबण, पाणी, लाकूड, माणूस हे सगळं उजळ दिसतं. लोखंड, तांबं, शिसं किरण गिळतात, म्हणून काळं. हवा विखुरतच नाही, म्हणून तीही काळी. म्हणजे काळा डाग धातूही असू शकतो आणि पोकळीही. सादरीकरणात हे कुणी सांगत नाही.

आता 70 विरुद्ध 120. ट्यूबवर लिहिलेला आकडा हा सर्वात जोरकस फोटॉनचा. सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास असते, गाळणी किती जाड आहे त्यावर थोडी वरखाली. 1 मिमी पोलादी पत्रा मधे आहे असं धरा आणि जाता-येता दोन्ही वेळची घट मोजा:

40 केईव्हीला: हजारात एकही परत येत नाही.
60 केईव्हीला: सुमारे 8 टक्के.
100 केईव्हीला: सुमारे 40 टक्के.

70 केव्हीच्या यंत्राकडे 60 च्या वरचे फोटॉन अगदी थोडे असतात. गाडीचा पत्रा 0.7-0.8 मिमी असतो, तिथे ते कसंबसं काहीतरी दाखवेल. ड्रमचा पत्रा 1 ते 1.2 मिमी, तिथे हात टेकेल. 120 केव्हीवाल्याकडे 100 च्या आसपासचा साठा असतो आणि पत्र्यामागचं चित्र मुख्यतः त्याच्याच जिवावर उभं राहतं. तेव्हा फरक कागदावरचा नाही. फक्त कापडी बॅगा आणि जिप्सम बोर्ड बघायचे असतील तर मात्र 70 केव्ही चालून जातं, किंबहुना पातळ वस्तूंत त्याचा कॉन्ट्रास्ट चांगला येतो.

खोलीचंही ऐका. मधे पत्रा नसला तरी पाण्यासारख्या पदार्थात 5 सेंमी आतून परत येणारा 60 केईव्हीचा संकेत पृष्ठभागाच्या नवव्या हिश्श्यावर येतो, 10 सेंमीवर शंभरात एकाच्या आसपास. त्यामुळे कपड्यांनी गच्च भरलेल्या सुटकेसचा अलीकडचा थर दिसतो, पलीकडचा नाही. दोन्ही बाजूंनी फिरवायला जागा असेल तर दोन्हीकडून घ्या. नसेल तर अहवालात 'पूर्वेकडून दिसलेला भाग' असं लिहा, 'बॅग तपासली' असं नको.

लांबून_बघा

भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण तारापूरकर, तुमचा पहिला प्रसंग मी यादीतून काढून टाकेन.

हे यंत्र वस्तूपासून वीत-दोन वीत अंतरावर धरायचं असतं. म्हणजे बेवारस बॅगेवर वापरायचं तर कुणाला तरी तिच्या अंगाशी उभं करावं लागतं, आणि तो माणूस तुमच्या कारखान्याचा सुरक्षारक्षक असणार. हा सौदाच चुकीचा. अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाच्या तक्त्यात सुटकेसच्या आकाराच्या वस्तूसाठी, 50 पौंड स्फोटक धरून, किमान रिकामं करायचं अंतर 46 मीटर आणि मोकळ्यावर असलेल्यांसाठी 564 मीटर दिलंय. 5 पौंडांच्या पाइपसाठीसुद्धा 21 आणि 366 मीटर. त्या आकड्यांपुढे हातभर अंतरावरचं चित्र कितीही सुरेख आलं तरी काय उपयोग?

खरोखर संशयास्पद असेल तर क्रम ठरलेला आहे. हात लावायचा नाही, हलवायची नाही, झाकायची नाही, वर पाणी मारायचं नाही. माणसं बाहेर काढा, तीही बॅगेसमोरून नेऊ नका. आसपास वॉकीटॉकी आणि मोबाइल वापरू नका, दूर गेल्यावर बोला. 112 ला फोन, तिथून बीडीडीएस, म्हणजे पोलिसांचं बॉम्बशोधक-नाशक पथक, येईल. त्यांना लागते ती माहिती लिहून तयार ठेवा: वस्तू पहिल्यांदा कुणी, किती वाजता, कुठून पाहिली, आकार, शेजारी गॅसची किंवा रसायनाची लाइन आहे का, सीसीटीव्हीत कुणी ठेवताना दिसतं का. बॅगेचा मालक सीसीटीव्हीतून सापडला तर प्रश्न तिथेच मिटतो. त्या कामाला कोणतंही एक्स-रे यंत्र इतकं उपयोगी पडत नाही.

पथकातही अशा वस्तूसाठी सहसा आरपारचं एक्स-रे साधन वापरतात: एका बाजूला बॅटरीवर चालणारा पल्स जनरेटर, दुसऱ्या बाजूला पातळ डिजिटल पॅनेल. जनरेटर 150, 270, 370 केव्ही अशा वर्गांत मिळतात. मांडणी रोबोटने करता येते आणि मांडून झाली की माणूस मागे येतो, कळ लांबून दाबतो. शिवाय आतली वायर, सर्किट, बॅटरी यांची रचना आरपार चित्रातच कळते. बॅकस्कॅटरमध्ये बारीक वायर उजळ पार्श्वभूमीपुढे आली तरच दिसते, नाहीतर हरवते.

बॅकस्कॅटरची खरी जागा तुमचा दुसरा प्रसंग: पलीकडे पॅनेल ठेवायला जागाच नाही. भिंत, छत, गाडीचं दार, टायर, सीटचं फोम, जनरेटरचं कव्हर. विशिष्ट धोक्याची सूचना नसताना, एखाद्या मोठ्या कार्यक्रमाआधी जागा नजरेखालून घालायची असते तेव्हा ते झकास काम करतं. काही आढळलं की तिथेच थांबायचं, मागे यायचं, पुढचं काम पथकाचं. यंत्र 'कुठे बघायचं' एवढंच सांगतं.

तारापूरकर

लांबून_बघा, पटलं. पहिला प्रसंग यादीतून काढतो. व्यवस्थापनाला समजवायला तो तक्ताच कामी येईल.

एक शंका. एक्स-रे मारल्याने आत काही असेल तर ते उडू शकतं का? ही भीती आमच्याकडे मीटिंगमध्ये दोघांनी बोलून दाखवली.

लांबून_बघा

या यंत्राच्या किरणांनी स्फोटक तापत नाही, त्यात तेवढी ऊर्जाच नसते. काळजी करायचीच तर जवळ जाण्याची, धक्का लागण्याची आणि यंत्रातल्या वायरलेसची करा. चित्र टॅबवर पाठवायला त्यात वाय-फाय असतं. ते बंद करून आतल्या मेमरीवर साठवता येतं का, हा प्रश्न तुमच्या तपशिलात हवा.

मृण्मयी_ठाणे

चित्र वाचण्याबद्दल लिहिते, कारण खोटे इशारे तिथूनच सुरू होतात.

भारतीय बॅगेत उजळ ठोकळा दिसणं ही रोजची गोष्ट आहे. अंगाच्या साबणाची वडी, कपडे धुण्याच्या पावडरचं पाकीट, साखर, मेणबत्त्यांचा पुडा, मिठाईचा बॉक्स, कागदाचं रीम, पाण्याची बाटली, केळी. सगळी पांढरीफटक. त्यातली कोणती वस्तू नेमकी कोणत्या पदार्थाची हे बॅकस्कॅटर सांगू शकत नाही. घनता आणि सरासरी अणुक्रमांक जवळपास सारखे असले की चमकही सारखीच. म्हणून 'उजळ म्हणजे स्फोटक' हे समीकरण प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी मोडलं पाहिजे. आकार, कडा, जागा आणि तिथे ती वस्तू असण्याचं कारण, या चार गोष्टींवरून मत बनवायचं. पार्टिशनच्या पोकळीत सरळ कडांचा उजळ चौकोन आणि त्याला लागून काळी रेघ दिसली तर थांबा. इन्सुलेशनचा लोकर-गठ्ठा उजळ पण विस्कळीत कडांचा असतो, आणि तो दर दोन स्टडच्या (पार्टिशनच्या उभ्या पट्ट्यांच्या) मधे तसाच पुन्हा दिसतो.

स्टीलचा डबा नवख्याला हमखास गोंधळात पाडतो. 0.6 मिमी पत्र्यातून 60 केईव्हीला पाऊणपेक्षा जास्त संकेत मरतो. त्यामुळे बाजूने डबा करडा दिसतो आणि आतली पोळी-भाजी धूसर ढगासारखी. तिरप्या कोनातून पाहिलं की किरणाला पत्र्यातून लांबचा रस्ता पडतो आणि तोच डबा पूर्ण काळा होतो. एका कोनातून काळं दिसलं म्हणून 'जाड धातू' असं लिहू नका. यंत्र पृष्ठभागाला काटकोनात धरून पुन्हा घ्या.

दुसरं, चित्राचा आकार. उभ्या दिशेला किरण एका बिंदूतून पंख्यासारखा पसरतो, आडव्या दिशेला तुम्ही यंत्र सरकवता. त्यामुळे उभं माप अंतरानुसार बदलतं आणि आडवं माप तुमच्या हाताच्या वेगानुसार. वेग मोजणारा सेन्सर नसेल तर हात हळू चालला की गोल वस्तू आडवी ताणलेली दिसते, भराभर चालला की आडवी दबलेली, अरुंद. भिंतीवरचा स्विचबोर्ड किंवा ओळखीच्या मापाची कुठलीही वस्तू चित्रात मुद्दाम घ्या, म्हणजे ताण कळतो. समजा चकती सेकंदाला 30 रेषा काढते आणि हात 15 सेंमी सरकतो, तर दोन रेषांत 5 मिमी अंतर पडलं. त्याहून बारीक काही असेल तर ते दोन रेषांमधून निसटणार. संशय वाटला की 5 सेंमीच्या वेगाने परत.

तिसरं, पार्श्वभूमी. काँक्रीटची फरशी किंवा विटांची भिंत मध्यम उजळ असते आणि तिच्यापुढे धातू सावलीसारखा उठून दिसतो. मागे मोकळी हवा असेल तर सगळंच काळं. यंत्राची बाजू बदलून मागे भिंत येईल असा कोन शोधा, वस्तूला मात्र हलवू नका. आणि चित्राचं उलटं रूप, म्हणजे काळ्याचं पांढरं, करून पाहायची सोय सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरा, डोळ्याला वेगळ्या गोष्टी लागतात.

कॉम्प्टनभाऊ

ताईंच्या मुद्द्याला जोड म्हणून अंतराबद्दल. बारीक किरण लांब गेला तरी फारसा क्षीण होत नाही, पण परत येणारा विखुरलेला प्रकाश सगळीकडे पसरतो. म्हणून 30 सेंमीवरून 60 वर गेलात की डिटेक्टरला साधारण चौथा हिस्सा मिळतो. ठिपकाही मोठा होतो. उदाहरणार्थ, फोकसपासून (ट्यूबमध्ये किरण जिथे उगम पावतात त्या बिंदूपासून) 10 सेंमीवर 1 मिमीची फट असेल तर फोकसपासून 40 सेंमीवर ठिपका 4 मिमी आणि 70 सेंमीवर 7 मिमी. विक्रेता 'रिझोल्यूशन 2 मिमी' म्हणाला की किती अंतरावर हे लगेच विचारा.

ड्रमबद्दल: 120 केव्हीच्या यंत्राने 1.2 मिमी पत्र्यामागे द्रवाची पातळी छान दिसते. पातळीच्या खाली उजळ, वर काळं. तळाशी गाळ किंवा आत दुसरा डबा असेल आणि तो पत्र्याजवळ असेल तर तोही दिसतो. पण पाणी की थिनर की डिझेल हे सांगता येणार नाही. त्यासाठी रमण किंवा एफटीआयआर (प्रकाशाने पदार्थ ओळखणारी यंत्रं) लागेल, आणि रमणलाही पत्र्यातून दिसत नाही, नमुना काढावा लागतो. फुगलेला ड्रम असेल तर एक्स-रेच्या नादी लागू नका, तिथे आधी लांब राहायचं.

किरणरक्षक

आता परवानगीचं. हा विषय सगळे शेवटी ढकलतात आणि मग यंत्र कपाटात पडून राहतं.

भारतात किरण सोडणाऱ्या उपकरणांचं नियमन एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) करतं, 2004 च्या अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियमांखाली. अर्ज त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर होतात. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून त्या नेमक्या मॉडेलसाठीची एईआरबीची मान्यता लेखी मागा. 'परदेशात पोलीस वापरतात' हे उत्तर चालत नाही. डेमोसाठी आणलेलं यंत्रसुद्धा मान्यतेशिवाय तुमच्या आवारात सुरू करू देऊ नका.

मर्यादा लक्षात ठेवा. किरणांसोबत काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसचं माप), कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला 1 मिलीसिव्हर्ट. प्रत्यक्षात चालकाला मिळणारा डोस याच्या खूप खाली ठेवता येतो, पण तो मोजून दाखवावा लागतो. हिशोब असा: चालकाच्या छातीच्या पातळीवर ताशी 5 मायक्रोसिव्हर्ट मोजलं, दिवसाला 10 मिनिटं किरण चालू आणि वर्षात असे 100 दिवस, तर सुमारे 17 तास, म्हणजे 85 मायक्रोसिव्हर्टच्या आत. हाच हिशोब हातांसाठी आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसासाठी वेगळा करा. उजळ वस्तू किरण सगळीकडे फेकते, त्यामुळे यंत्राच्या मागेच सर्वात कमी असेल असं गृहीत धरू नका. पाण्याचा 20 लिटरचा जार समोर ठेवा आणि आठ दिशांना मोजा.

मीटर कोणता, यावर बरंच अवलंबून आहे. धावत्या बारीक किरणासमोर जीएम नळीचा (एकेक टिचकी मोजणारा) मीटर क्षणभर मार खातो आणि पुढचा बराच वेळ रिकामा बसतो, त्याचं वाचन विश्वासाचं नाही. 50 केईव्हीच्या खालीही अनेक मीटर चुकतात. आयन चेंबर (टिचक्या न मोजता एकूण विद्युतप्रवाह मोजणारा मीटर) वापरा. वर लांबून_बघा यांनी सांगितलेल्या पल्स जनरेटरसाठी तर जीएम मीटर बादच. त्याचा पल्स काही दहा नॅनोसेकंदांचा असतो, मीटर पूर्ण पल्सला फार तर एक टिचकी मोजतो, मग डोस कितीही असो. तिथे जमा होणारा डोस मोजणारं साधन हवं.

दुसऱ्या प्रसंगात भिंतीपलीकडचा माणूस विसरला जातो. 230 मिमी विटांच्या भिंतीतून नगण्य काही जातं. जिप्समच्या दोन 12.5 मिमी पाट्यांतून मात्र निम्म्याहून जास्त किरण सरळ पलीकडे पोचतात. पलीकडची खोली रिकामी करा, दाराशी एक माणूस उभा करा आणि तो 'मोकळं' म्हणाल्याशिवाय कळ दाबू नका. फॉल्स सीलिंग तपासताना वरचा मजलाही यात आला.

टीएलडी बिल्ला (मिळालेला डोस साठवून ठेवणारा) छातीवर, शिशाचा एप्रन घालत असाल तर त्याच्या आत. बिल्ला यंत्राच्या पेटीत ठेवायचा नाही. तो गाडीत तापतो, पेटीतली पार्श्वभूमी टिपतो आणि तिमाहीचा अहवाल निरर्थक करतो.

आणखी एक, हे फुकट मिळणारं आहे: कळ न दाबता एकदा यंत्र वस्तूसमोर धरा. डिटेक्टर चालू असतात. किरण बंद असताना चित्रावर धुकं किंवा दाणे नेहमीपेक्षा जास्त आले तर वस्तू स्वतःच गॅमा सोडतेय की काय ते तपासायला हवं. मागे या, स्वतंत्र डोसमीटरने लांबून खातरजमा करा. भंगारात आलेली औद्योगिक रेडिओग्राफीची पेटी (आत किरणोत्सर्गी स्रोत असलेली) अशा वेळी हाती लागू शकते आणि वसाहतीत ती शक्यता बॉम्बपेक्षा जास्त धरायला हरकत नाही.

पाना_पक्कड

आता यंत्र हातात आल्यावरचं. आपल्याकडे ती बिघडायची कारणं ठरलेली आहेत.

पडून राहणं. एक्स-रे ट्यूब महिनोन्‌महिने वापरात नसेल आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर आत ठिणग्या पडतात. मॅन्युअलमधली वॉर्म-अप पद्धत, म्हणजे व्होल्टेज पायऱ्या-पायऱ्यांनी चढवणं, दर आठवड्याला करा आणि वहीत सही घ्या. 'आपत्कालीन' म्हणून कपाटात ठेवलेलं यंत्र आपत्तीच्या दिवशीच एरर देतं ते यामुळे.

प्रकाश शिरणं. डिटेक्टरवरचं काळं आवरण कोपऱ्यात फाटलं की बाहेरचा प्रकाश आत शिरतो. सावलीत चित्र चांगलं, उन्हात फिकट, ही त्याची खूण. किरण बंद ठेवून एकदा सावलीत, एकदा उन्हात घ्या. दोन्हीतला फरक डोळ्यांना दिसला तर आवरण बदलायला पाठवा. वर काळी टेप चिकटवून काम काढणारे आहेत, पण साधी टेप उन्हात सुटते.

चकतीचं बेअरिंग. आवाज बदलला, चित्रात ठरावीक अंतराने पट्टे उमटले किंवा सरळ कड नागमोडी दिसू लागली तर बेअरिंग किंवा चकतीचा सेन्सर. ते उघडायचं काम तुमचं नाही, आत शिसं आणि टंगस्टनचं कवच आहे. यंत्र पडलं असेल तर चित्र नीट येत असलं तरी गळतीचं मोजमाप केल्याशिवाय वापरू नका. कवच सरकलं तर ते चित्रात दिसत नाही.

उष्णता आणि दमट हवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत लिथियम बॅटरी ठेवू नका. साठवताना अर्धी चार्ज, दोन महिन्यांनी तपासायची. पावसाळ्यात एसी खोलीतून बाहेर काढल्या काढल्या सुरू करू नका. पेटीत सिलिका जेल ठेवा, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग चालू करा. दव साचलेलं असताना उच्च व्होल्टेज देणं म्हणजे बिल फाडणं.

रोजच्या तपासणीसाठी पाटी घरीच बनवा. 60 × 60 सेंमी, 12 मिमी प्लायवूड. मागच्या बाजूला 25 मिमी जाडीचे चार एचडीपीई (घट्ट प्लॅस्टिक) ठोकळे, 10 × 10 सेंमीचे. एचडीपीई नसेल तर साबणाच्या वड्या एकमेकींना चिकटवून तेवढ्याच आकाराच्या करा, काम भागतं. समोरून एकावर काहीच नाही, दुसऱ्यावर 0.8 मिमी, तिसऱ्यावर 1.2 मिमी, चौथ्यावर 2 मिमी पोलादी पत्रा. पाचव्या कोपऱ्यात... कोपरे चारच, म्हणून मधे 1.2 मिमी पत्र्याच्या दोन पट्ट्या, 5 मिमी फट ठेवून. पाटी भिंतीपासून 1 मीटर पुढे उभी करायची, म्हणजे भिंतीची चमक मधे येत नाही. यंत्र 15 सेंमीवर, सेकंदाला 10 सेंमी. नवीन असताना घेतलेलं चित्र छापून पाटीच्या मागे चिकटवा. 1.2 मिमीमागचा ठोकळा फिका पडू लागला की ट्यूब थकतेय किंवा डिटेक्टर, सर्व्हिसला फोन.

तारापूरकर

सगळ्यांचे आभार. तपशिलाचा मसुदा असा होतोय, चुकत असेल तर झोडा:

120 केव्ही किंवा जास्त. बॅटरीसह वजन 5 किलोच्या आत. 0 ते 50 अंश तापमानात वापर, धूळ-पाण्यासाठी आयपी 54. चावीचं कुलूप, कळ सोडताच किरण बंद, समोर अंतर-सेन्सर, किरण चालू असल्याचा दिवा आणि आवाज. वायरलेस पूर्ण बंद करण्याची सोय, आतली मेमरी. दोन बॅटऱ्या, चालू असताना बदलता येतील अशा. एईआरबी मान्यता निविदेसोबतच जोडलेली. तीन वर्षांच्या देखभालीत ट्यूब आणि डिटेक्टर धरलेले. सहा चालकांचं प्रशिक्षण. आणि 'भेदनक्षमता किमान 3 मिमी पोलाद'.

कॉम्प्टनभाऊ

शेवटची ओळ खोडा. नुसत्या '3 मिमी पोलाद' या शब्दांना अर्थ नाही. तेवढ्या पत्र्यामागे 100 केईव्हीलाही सहा-सात टक्केच परत येतं. पाच मिनिटं एकाच जागी धरून, लक्ष्य कुठे आहे हे माहीत असताना, कुठलाही विक्रेता काहीतरी पांढरट दाखवेल. लक्ष्य, अंतर, वेग तिन्ही लिहा: '1.2 मिमी पत्र्यामागे 25 मिमी जाडीचा, 10 × 10 सेंमी एचडीपीई ठोकळा, 15 सेंमी अंतर, सेकंदाला 10 सेंमी, एकाच फेरीत, चालकाला आधी न सांगता 10 पैकी 9 वेळा ओळखता आला पाहिजे.'

मृण्मयी_ठाणे

त्यात रिकाम्या फेऱ्याही घाला. नाहीतर चालक दरवेळी 'आहे' म्हणेल आणि 10 पैकी 10 मिळवेल. 20 फेऱ्या, 10 मध्ये ठोकळा, 10 मध्ये नाही, क्रम चिठ्ठ्या टाकून आणि विक्रेत्याच्या माणसाला बाहेर बसवून. रिकाम्या फेऱ्यांत 2 पेक्षा जास्त खोटे इशारे आले तर नापास. चालक तुमचे हवेत, विक्रेत्याचा डेमोवाला नको. आणि ठोकळ्याच्या जागी दोन-तीन फेऱ्यांत इन्सुलेशनचा तुकडा ठेवा, त्या फेऱ्या रिकाम्यातच मोजायच्या.

किरणरक्षक

आणि त्या चाचणीच्या दिवशी पाटीच्या मागे कुणी उभं राहून ठोकळे बदलत असेल, तर प्रत्येक बदलाच्या वेळी चावी यंत्रातून काढून त्याच्याच खिशात द्यायची.